पाच घरांचं विरजण

केंटकीत बर्बन व्हिस्की कुठे मुरते आहे हे शोधायला पाटी लागत नाही. रस्त्याकडेच्या झाडांचे बुंधे एकाएकी काळे दिसू लागले, कुंपणाचे खांब, दगड, घरांच्या पन्हाळी, उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांची टपं, सगळ्यांवरच काजळी धरल्यागत वाटू लागलं, की समजावं, जवळपास कुठेतरी गोदाम आहे आणि त्यात हजारो पिंपं निजून आहेत. ती काजळी नसते. ती एक बुरशी असते, पिंपांच्या लाकडातून सावकाश निसटणाऱ्या मद्यार्काच्या वाफेवर पोसणारी. १८७०च्या दशकात फ्रान्समधल्या कोन्याक गावी अँटोनिन बोदुआँ नावाच्या औषधविक्रेत्याने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी, २००७ मध्ये, कवकांचा अभ्यास करणाऱ्यांनी तिला त्याचंच नाव देऊन टाकलं. माणसाचं नाव मागे राहावं ते भिंतीवरच्या एका काळ्या डागाच्या रूपाने, हे जरा विचित्रच. पण पुतळ्यांपेक्षा हा डाग चिवट आहे, घासून जात नाही म्हणतात.

पिंपातलं जे मद्य दर साल असं हवेत विरून जातं त्याला तिकडचे लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. वर्षाला शेकडा तीन-चार, कधी थोडा जास्त. दहा-बारा वर्षं पिंप ठेवलं तर त्याचा तिसरा हिस्सा, क्वचित त्याहूनही अधिक, आकाशाला जाऊन मिळालेला असतो. ज्यांना आपल्या घराच्या भिंती पुन्हा पुन्हा धुवाव्या लागतात त्या शेजाऱ्यांना या शब्दाचं काव्य फारसं भावत नसावं. त्यांनी कोर्टकचेऱ्याही केल्या आहेत. सरकारचंही या विरणाऱ्या मालाशी नातं मोठं गमतीदार. केंटकीत मुरत पडलेल्या पिंपावर दर साल कर बसतो, म्हणजे जितकी वर्षं धीर धराल तितक्या वेळा कर भरा, आणि माल मात्र दर वर्षी थोडा कमीच. हा कर टप्प्याटप्प्याने २०४३ पर्यंत संपवायचं २०२३ साली ठरलं. तोवर देवदूत फुकट पितात आणि बिल गोदामवाल्याच्या नावावर फाटतं. त्या राज्यात माणसं सुमारे ४५ लाख आणि पिंपं कोटीच्या वर, असं कळल्यावर आधी हसू येतं, मग वाटतं, इतक्या सगळ्या थांबण्याला पुरेल इतका धीर एवढ्याशा राज्याने आणला कुठून?

लुइव्हिलला राहणाऱ्या माझ्या भाचीने मला कॉक्स क्रीकला नेलं. ती स्वतः थेंबभरही घेत नाही, पण त्या गावात राहायचं तर बर्बनविषयी काहीतरी मत असावंच लागतं, नाहीतर शेजारी वाळीत टाकतात असं तिचं म्हणणं. फोर रोझेस या बर्बनची गोदामं इथे आहेत, लांबच लांब, बुटकी, एकमजली. मी एका झाडाखाली सावलीला थांबलो तशी ती म्हणाली, “मामा, बुंध्याला टेकू नकोस हं, शर्ट जाईल.” आत शिरलो आणि डोळ्यांआधी नाकाने जागा ओळखली: ओलं लाकूड, करपलेली साखर, व्हॅनिला, आणि या सगळ्याच्या तळाशी चुटपुटता झोंबणारा मद्यार्क. अंधूक उजेडात लाकडी मांडण्यांवर पिंपं आडवी, एकावर एक सहा थर. हात लावला तर लाकूड थंड. कुठल्या तरी फळीच्या सांध्यातून पाझरलेला एक काळपट, चिकट ओघळ वाळून चकाकत होता. मी बोट फिरवून वास घेतला, आणि भाचीने न पाहिल्यासारखं केलं.

सहाच थर, आणि वर मजला नाही, यात एक ठाम मत दडलेलं आहे. केंटकीतल्या इतर कितीतरी घराण्यांची गोदामं सात-सात, नऊ-नऊ मजल्यांची. वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात पत्रा तापतो, पिंपं तडतडतात, व्हिस्की झपाट्याने म्हातारी होते. तळमजल्यावर तीच व्हिस्की गारव्यात रेंगाळत वाढते. एका दिवशी, एकाच धारेतून भरलेली दोन पिंपं आठ वर्षांनी एकमेकांना ओळखत नाहीत. मग तिथला कारागीर वरचं थोडं, मधलं बरंच, खालचं थोडं असं एकत्र करून आपली चव जुळवतो. फोर रोझेसने हा भेद नाकारला. हवामानाने, मजल्याने, योगायोगाने येणारं वेगळेपण त्यांना नको होतं. वेगळेपण हवंच होतं, पण ते आपण मुद्दाम पेरलेलं हवं होतं. पेरणी इथे होत नाही, ती तासाभराच्या अंतरावर, लॉरेन्सबर्गला होते.

लॉरेन्सबर्गची भट्टी पाहिली की क्षणभर आपण चुकीच्या राज्यात आलो असं वाटतं. १९१०च्या सुमारास बांधलेली ही इमारत स्पॅनिश मिशनऱ्यांच्या मठांच्या शैलीतली, पिवळसर भिंती आणि कमानदार माथ्यांची. ती कॅलिफोर्नियात शोभली असती. केंटकीच्या हिरव्या, दमट डोंगरउतारांत तसं बांधायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल कोण जाणे. जवळून सॉल्ट रिव्हर वाहते. नावात मीठ असलं तरी या मुलखाच्या पाण्याची कीर्ती चुनखडीची आहे: खडकातून झिरपताना पाणी लोह मागे टाकून येतं आणि चुना, मॅग्नेशियम बरोबर आणतं. लोह व्हिस्कीचा वैरी, रंग काळवंडवतं, चव बिघडवतं. उलट चुनखडीचे क्षार किण्वाला मानवतात.

बर्बनचे नियम कडक आहेत, आणि मला ते आवडतात, कारण बहुतेक नियम काय घालू नये हे सांगणारे आहेत. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. ऊर्ध्वपातनात मद्यार्क ८० टक्क्यांच्या वर चढता कामा नये, म्हणजे धान्याची आठवण पुरती धुऊन जात नाही. पिंपात भरताना तो ६२.५ टक्क्यांहून अधिक नको. पिंप ओकचं, आतून जाळलेलं आणि कोरं हवं. रंग घालायचा नाही, वास घालायचा नाही, शेवटी पाण्याशिवाय काहीच घालायचं नाही. जे काही यायचं ते चारच वाटांनी: धान्य, किण्व, लाकूड, काळ. या चार वाटांवर किती प्रकारे चालता येतं हेच मग साऱ्या कसबाचं क्षेत्र.

लॉरेन्सबर्गला धान्याची दोन प्रमाणं आहेत. एकात मका ७५ टक्के, राय २० टक्के. दुसऱ्यात मका ६० आणि राय चक्क ३५ टक्के, जे बर्बनमध्ये फार म्हणजे फारच आहे. दोन्हींत उरलेलं पाच टक्के मोड आणून वाळवलेलं जव. मका हट्टी, तो आधी कडक आचेवर शिजवतात. मग आच उतरवून राय घालतात. जव सगळ्यांत शेवटी, आणखी निवाल्यावर, कारण त्याच्या अंगची पिष्टाची साखर करण्याची शक्ती उष्णतेने मरते. या शिजल्या धान्याच्या पातळ पेजेत आदल्या ऊर्ध्वपातनानंतर उरलेलं आंबट पाणी थोडं मिसळतात. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडहून आलेल्या डॉक्टर जेम्स क्रो यांनी केंटकीत ही रीत शिस्तीत बसवली: कालच्याचा अंश आजच्यात गेला की आम्लता सांभाळली जाते, नको ते जिवाणू माजत नाहीत, आणि आजचा घाणा कालच्याच्या चालीने चालतो. मग या पेजेत किण्व सोडायचं आणि तीन-चार दिवस वाट पाहायची. प्रचंड हौदांवर फेस उठतो, फुटतो, पुन्हा उठतो. कडेला उभं राहिलं की कोमट, आंबूस, पिकल्या फळांचा वास अंगावर येतो, आणि वाकून खोल श्वास घेऊ पाहणाऱ्याला कर्बवायू असा काही दणका देतो की डोळ्यांतून पाणी यावं.

या हौदांशी खरी गोष्ट सुरू होते. बहुतेक भट्ट्या एकच किण्व वापरतात आणि ते जिवापाड जपतात. फोर रोझेसकडे पाच आहेत. एक नाजूक फळांचा गंध देतं, एक मसाल्याची हलकी झाक, एक गडद, पिकल्या फळांचा भार. एकातून फुलं येतात, एकातून वनौषधी. दोन धान्यप्रमाणं आणि पाच किण्वं, म्हणजे दहा व्हिस्क्या. प्रत्येकीला चार अक्षरी नाव आहे: ओ-बी-एस-व्ही, ओ-ई-एस-के, असं, पहिलं आणि तिसरं अक्षर सगळ्यांत सारखं, दुसऱ्यावरून धान्य कळतं, चौथ्यावरून किण्व. पिंपावर ही अक्षरं लिहिलेली असतात. मला ती पहिल्यांदा रेल्वेच्या मालडब्यांवरच्या खुणांइतकीच रुक्ष वाटली. पण तिथली माणसं ती अशी उच्चारतात की जणू कुणाची थोरली, कुणाची धाकटी. “ओ-ई-एस-ओ जरा उशिरा बोलायला लागते,” असं एकजण अगदी सहज म्हणून गेला.

ही पाच किण्वं आली कुठून, तर घरं मोडली म्हणून आली. सीग्राम या कॅनडातल्या कंपनीने १९४३ साली फोर रोझेस विकत घेतली. सीग्रामच्या केंटकीत आणखीही भट्ट्या होत्या, अॅथर्टनव्हिलला, सिन्थियानाला, फेअरफील्डला, लुइव्हिलला, आणि प्रत्येकीची चाल निराळी. सीग्रामचे सॅम्युएल ब्रॉन्फमन मिश्रणकलेवर जीव टाकणारे. त्यांना एकाच ठिकाणची एकसारखी व्हिस्की नको होती, रंगपेटीत जितके जास्त रंग तितकं बरं. पुढे बाजार बदलला, लोकांची जीभ बदलली, भट्ट्या एकेक करून निवल्या, आणि लॉरेन्सबर्ग तेवढी उरली. मात्र कुलूप लावण्याआधी कुणीतरी त्या त्या घरचं किण्व उचलून इकडे आणलं. आमच्याकडे एखादं घर बंद होताना शेजारीण वाटीभर विरजण मागून नेते, आणि त्या घरातली माणसं पांगली, भिंती पडल्या, तरी त्यांच्या दह्याची चव दुसऱ्याच कुणाच्या फडताळात रोज रात्री लागत राहते, तसं हे. भट्टीची इमारत स्मारक म्हणून जपता येते. पण सिन्थियानाचं जे काही सिन्थियानापण होतं ते विटांत नव्हतंच. ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या एका पेशीत होतं, आणि पेशी दर वेळी नवी जन्मते, म्हणून तर ती जुनी राहू शकते.

धार निघते तेव्हा ती पाण्याइतकी नितळ असते, उंच स्तंभातून एकदा आणि पुढच्या भांड्यातून दुसऱ्यांदा गेलेली. रंग लाकडाचा. अमेरिकेतल्या पांढऱ्या ओकच्या फळ्या उघड्यावर ऊनपावसात मुरवून त्यांची सुमारे २०० लिटरची पिंपं करतात आणि आतून आग लावतात, एक मिनिटाच्या आतबाहेर, ज्वाळा तोंडातून बाहेर येईपर्यंत. खोल जाळलेल्या पिंपाचा आतला पृष्ठभाग मगरीच्या पाठीसारखा खवल्याखवल्यांनी फाटतो. कोळशाचा थर गंधकाचा उग्रपणा शोषून घेतो. त्याच्या मागे, उष्णतेने भाजलेल्या लाकडात, साखर करपून तांबूस झालेली असते, लिग्निन तुटून व्हॅनिलाचा गंध मोकळा झालेला असतो, आणि ओकच्या अंगचा एक नारळी वास वाट पाहत असतो. केंटकीचा उन्हाळा व्हिस्कीला फुगवून लाकडात ढकलतो, हिवाळा तिला परत ओढून घेतो. वापरलेल्या पिंपाची फळी आडवी कापली तर कोळशाच्या मागे ती कुठवर आत गेली होती याची एक लालसर रेघ दिसते, पुराचं पाणी ओसरल्यावर भिंतीवर दिसते तशी. ही रेघ मी बराच वेळ पाहत राहिलो. मुरणं ही मला आजवर एक स्तब्ध गोष्ट वाटत आलेली. ती इतकी येरझार असेल असं वाटलं नव्हतं.

आणि मग, पाच-सहा किंवा त्याहून अधिक वर्षांनी, कुणीतरी बूच काढतो, लांब नळी आत सोडतो आणि नमुना वर ओढतो. चाखणाऱ्यांच्या खोलीत शोभेचं काही नसतं. ओळीने लावलेले छोटे पेले, बाटल्यांवर चिकटवलेली अक्षरं, पाणी, थुंकायचं भांडं. नमुन्यात पाणी घालून ते सौम्य करतात, कारण तिखट मद्यार्क नाकाला आंधळं करतो. काम बहुतांशी नाकाचंच. जिभेपर्यंत थोडंच पोहोचतं, आणि पोटापर्यंत जवळजवळ काहीच नाही.

इथे काय चालतं याची माझी कल्पना अशी होती की हे लोक नवनवी मिश्रणं शोधत असतील. तेही होतं, वर्षातून एखाद्या वेळी. पण रोजचं काम याच्या अगदी उलटं आहे, आणि मला ते कितीतरी अवघड वाटतं: नवं काहीही न घडू देणं. ‘स्मॉल बॅच’ नावाची त्यांची एक बर्बन चार व्हिस्क्यांची असते, दोन्ही धान्यप्रमाणं आणि मसाल्याचं नि पिकल्या फळांचं अशी दोन किण्वं. आता समजा, या खेपेच्या पिंपांत मसाला जरा पुढे आला आहे, उन्हाळा कडक गेला म्हणून म्हणा, किंवा ओक कुठल्या निराळ्या उतारावरचा होता म्हणून. मागच्याच मापाने मिसळलं तर चव निराळी येईल. म्हणून माप हलवायचं, एक वय थोडं वाढवायचं, दुसरं कमी करायचं, फुलांकडे झुकणारी काही पिंपं बाजूला ठेवायची, आणि शेवटी जे हाती येईल ते प्यायला बसलेल्या माणसाला इतकं ओळखीचं वाटलं पाहिजे की त्याचं लक्षही जाऊ नये. चव तीच ठेवायची तर कृती सतत बदलती ठेवावी लागते. दहा व्हिस्क्या दहा तऱ्हांच्या एवढ्यासाठी करायच्या की एक कायम राहावी. पडताळ्याला जुन्या खेपेची बाटली जपून ठेवता येते. जीभ मात्र जपता येत नाही, ती चाखणाऱ्याबरोबर म्हातारी होते, सर्दीने बसते, दुःखाने बोथटते. म्हणून चाखणारा एकटा नसतो, मंडळ असतं. एकाला जे आठवत नाही ते दुसऱ्याला आठवतं. रसायनशास्त्र शिकून आलेल्या ब्रेंट एलियट यांनी २०१५ साली इथली सूत्रं हाती घेतली, तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेली बरीचशी पिंपं आधीच्या माणसाने भरलेली होती. आणि त्यांनी भरलेल्यांतली काही कुणी तरी पुढचा फोडील.

तो आधीचा माणूस म्हणजे जिम रटलेज. त्यांची हकिगत मला या साऱ्या व्यापाराचा गाभा वाटते. युद्धापूर्वी आणि नंतरही काही काळ फोर रोझेस ही अमेरिकेतली अतिशय खपाची बर्बन होती. मग १९५०च्या दशकाच्या अखेरीला सीग्रामने ती देशातल्या बाजारातून काढून घेतली. बर्बन लॉरेन्सबर्गलाच होत राहिली, पण जायची युरोपात आणि जपानात. अमेरिकेत दुकानांत नाव तेच राहिलं, गुलाब तेच राहिले, आणि बाटलीत आली एक स्वस्त मिश्र व्हिस्की, तटस्थ मद्यार्काने पातळ केलेली. जवळपास चार दशकं हे असं चाललं. ज्यांनी आपल्या वडिलांच्या हातात ती बाटली पाहिली होती त्यांनी मोठेपणी ती विकत घेतली आणि तोंड वाकडं केलं. रटलेज १९६६ साली सीग्राममध्ये लागले, १९९५ साली लॉरेन्सबर्गचे मुख्य कारागीर झाले, आणि एकच धोशा लावून बसले की ही बर्बन घरी परत आणा. सीग्राम मोडली. २००२ साली जपानच्या किरिन कंपनीने भट्टी घेतली, मिश्र व्हिस्की बंद केली, आणि अमेरिकी बर्बन अमेरिकी माणसाला पुन्हा प्यायला मिळाली ती जपानी मालकांच्या हातून.

तर त्या मधल्या वर्षांत खरी फोर रोझेस कुठे होती? टोकियोतल्या एखाद्या अरुंद बारमध्ये चव होती. ओहायोतल्या दुकानाच्या खालच्या फळीवर नाव होतं. लॉरेन्सबर्गला कामगार होते, ज्यांना स्वतःच्या हातची बर्बन गावच्या दुकानात मिळत नव्हती. आपणही एखाद्या गोष्टीला ‘तीच’ म्हणतो तेव्हा नेमकं कशावर बोट ठेवून म्हणतो, याचा मी प्रवासभर अधूनमधून विचार करत होतो. उत्तर हवंच होतं असं नाही. भाची गाडी चालवत होती, दोन्ही बाजूंना घोड्यांची कुरणं आणि पांढरी, काळी कुंपणं मागे सरत होती, आणि एवढ्या मोठ्या प्रश्नाला त्या रस्त्यावर काही घाई नव्हती.

गुलाबांचीही एक गोष्ट सांगतात. पॉल जोन्स नावाच्या धंदेवाल्याने एका सुंदरीला मागणी घातली; ती म्हणाली, माझा होकार असेल तर पुढच्या नृत्यसमारंभाला मी गुलाबांचा गुच्छ लावून येईन; ती आली, आणि छातीवर चार लाल गुलाब. १८८८ साली नावाची नोंदणी झाली, एवढं कागदावर आहे. बाकी खरं किती, कोण सांगणार. बर्बनच्या मुलखात अशा गोष्टी पिकतात. पिंप जाळण्याचा शोध एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या नावावर लावतात, तोही असाच, पुराव्याविना. दंतकथांचं मला वावडं नाही. पण लेबलांवरची नावं वाचता वाचता जाणवत राहतं की गृहयुद्धापूर्वीच्या केंटकीत धान्य दळणारे, आगीपाशी उभे राहणारे, पिंपं वळणारे हात कितीतरी ठिकाणी गुलामांचे होते, आणि त्यांच्या वाट्याला ना गुलाब आला ना दंतकथा. ती जीभ, ते नाक, तो अंदाज, त्यांचाही कुठल्या तरी घोटात उरलाच असेल. फक्त त्याला चार अक्षरी खूण नाही.

कोऱ्या पिंपाचा नियम असल्यामुळे एकदा रिकामं झालेलं पिंप बर्बनच्या कामाचं राहत नाही, आणि त्याचा दुसरा जन्म सुरू होतो. बहुतेक पिंपं स्कॉटलंडला जातात, काही रम आणि टकीलासाठी, काहींत तिखट मिरचीचा सॉसही मुरतो. काही आपल्या गोव्यात येतात. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन नावाची सिंगल माल्ट बनते, २०१२ साली ती प्रथम लंडनच्या बाजारात उतरली, आणि तिचं मुरणं बर्बनच्या जुन्या पिंपांत होतं. केंटकीत पॉल जोन्स, गोव्यात पॉल जॉन. हा निव्वळ योगायोग, पण मी तो भाचीला सांगितल्यावाचून राहिलो नाही. गोव्याच्या दमट उकाड्यात देवदूतांची तहान फार. वर्षाला शेकडा आठच्या आसपास ते उचलतात. म्हणून तिथे व्हिस्कीला स्कॉटलंडइतकी वर्षं ठेवणं परवडत नाही आणि गरजही पडत नाही. पाच-सहा पावसाळ्यांत ती भारदस्त होते. मक्याचा अर्क प्यायलेलं लाकूड आता भारतीय जवाचा अर्क पितं, आणि त्यात मागचं थोडं मिसळून देतं.

लॉरेन्सबर्गला शेवटी चाखायला बसवतात. एका पिंपातली ‘सिंगल बॅरल’, चारांची ‘स्मॉल बॅच’, सहांची तिची थोरली बहीण, आणि पूर्वी पिवळ्या लेबलाची म्हणून ओळखली जाणारी साधी फोर रोझेस, जिच्यात दहांपैकी दहाही असू शकतात. दर वर्षी एक मर्यादित आवृत्ती निघते. तिच्यासाठी लोक रांगा लावतात, सोडती निघतात, दुप्पट-चौपट दाम मोजतात. तिची तारीफ जरूर व्हावी. पण माझं मन साधीवर बसलं. एकटं पिंप आपला स्वभाव घेऊन येतं, गोड असेल, तऱ्हेवाईक असेल, त्याला कुणाला सांभाळून घ्यायचं नसतं. या साधीत दहा जणी आहेत आणि एकीचाही आवाज चढलेला नाही. मधाचा एक पुसट स्पर्श, पिकलेलं नासपती, मागून येणारा रायचा चिमटीभर तिखटपणा, आणि बस. हिला घोटाघोटाला दाद द्यावी असं कुणाला वाटत नाही, हीच तिच्यामागच्या माणसांची करामत.

दुकानात मी तीच बाटली उचलली. भाची माझ्याकडे पाहत राहिली.

“मामा, एवढ्या लांब येऊन ही? ही तर आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात बारा महिने मिळते.”

“अगं, हो ना,” मी म्हटलं, आणि पैसे द्यायला रांगेत उभा राहिलो.